डोंगरात कशाला जाता?

(जालना येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संपादन केले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयापुढे ‘पदभ्रमंतीचे अनुभव’ असं छापलंय. ते वाचून मघाशी चहाच्या वेळी काहीजणी हसत होत्या. एकीने विचारलंच, ‘‘ताई, कोर्टाच्या तारखा आहेत, रेशनचं भांडण आहे, दारूबंदीचं निवेदन पडून आहे, आणि तुम्ही डोंगरात कशाला गेलात?’’ प्रश्न रास्त आहे. आमच्या गटातही त्यावर पुष्कळ वाद झाला होता, आणि तो वाद मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. किल्ल्याची उंची आणि फोटो यांत मला फारसा रस नाही.

आधी प्रवास सांगते. आम्ही अकराजणी होतो. भोकरदनहून पायी निघालो, अन्वा गाठलं. तिथून पश्चिमेला वळून उंडणगाव, अंभई, मग जंजाळ्याचा किल्ला आणि घटोत्कच लेणी. पुढे हळदा घाटातला वेताळवाडीचा किल्ला, सोयगाव, फर्दापूर, आणि शेवटी अजिंठा. पाच दिवस, चार मुक्काम, नव्वद किलोमीटरच्या आसपास चाल. जालना जिल्ह्यातून निघालो आणि शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या औरंगाबाद जिल्ह्यात, पोहोचलो. तसं म्हटलं तर १९८१ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. सर्वांत धाकटी एकोणीस वर्षांची, सर्वांत थोरल्या मावशी एकसष्टच्या. तिघी शेतमजूर, दोघी बियाण्याच्या प्लॉटवर जाणाऱ्या, एक अंगणवाडी सेविका, एक शिवणकाम करणारी, बाकी आम्ही संस्थेतल्या. पैसा कुठल्याही प्रकल्पाचा नव्हता. जिने तिने आपलं पीठ-मीठ आणलं, एसटीचं परतीचं भाडं बांधून ठेवलं.

आता वादाकडे येते. आपल्याकडच्या बाया चालत नाहीत असं कोण म्हणेल? २०१३ चा उन्हाळा आठवा. आपला जिल्हा दुष्काळात किती होरपळला होता, आणि टँकरमागे कोण पळत होतं? सरपणाला कोण जातं? डोक्यावर भारा घेऊन टेकडी उतरणं हा गिर्यारोहणाचा प्रकार धरला तर आपल्या निम्म्या बायांना पदकं द्यावी लागतील. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रात्रभर बाया चालत जातात, पंढरीच्या दिंडीत तर वीस-वीस दिवस. त्याला घरचे अडवत नाहीत. उलट सासू स्वतः शिदोरी बांधून देते.

म्हणजे पायांना बंदी नाही. बंदी कशाला आहे, ते आम्हाला तयारीच्या वेळी कळलं. प्रत्येकीनं घरी काय सांगायचं यावर आमच्या दोन बैठका गेल्या. ‘‘कुठं चाललीस?’’ याला उत्तर होतं. ‘‘कशाला चाललीस?’’ याला उत्तर नव्हतं. पाण्याला, सरपणाला, देवाला, माहेरी, दवाखान्यात, बाळंतपणाला, या सगळ्याला उत्तर आहे. ‘‘मला जायचंय म्हणून’’ याला नाही. शेवटी चौघींनी घरी देवदर्शनाला जाते असंच सांगितलं. त्यावरून गटात तणतण झाली. एकीचं म्हणणं, खोटं बोलून मिळवलेलं स्वातंत्र्य कसलं? दुसरी म्हणाली, ‘‘तू सरकारी नोकरीवाली, तुला खरं परवडतं.’’ मला दुसरीचं पटलं, अजूनही पटतं.

लहानपणापासून आपल्याला हिरकणीची गोष्ट सांगतात. रायगडाचे दरवाजे मिटले, गवळण गडावर अडकली, तान्हं बाळ खाली घरी, म्हणून रात्री कडा उतरून गेली. आख्यायिका आहे, पण बुरुजाला तिचं नाव आजही आहे. गोष्ट मला आवडतेच. तरी एक विचार करून बघा. समजा तिला तान्हं बाळ नसतं, आणि ती नुसती म्हणाली असती की मला हा कडा उतरून बघायचाय, तर बुरूज बांधला असता का? लेकरापायी केलेल्या धाडसाचे पोवाडे होतात. स्वतःच्या हौसेपायी केलं की बाई उंडारली.

असो. निघालो ते भोकरदनहून, आणि मुद्दाम तिथूनच. भोकरदन म्हणजे आपल्याला मिरचीचा बाजार आणि तहसील कचेरी. केळणा नदीकाठचं हे गाव प्राचीन काळी भोगवर्धन नावाचं भरभराटीचं शहर होतं. १९७३-७४ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून तिथं उत्खनन केलं. शं. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी ते केलं. सातवाहन काळातली वस्ती सापडली, मणी, बांगड्या, शंखाच्या वस्तू सापडल्या, आणि हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. अगदी तिच्यासारखी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई या गावी मिळाली होती. ते गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे आपल्या मुलखातली कारागिरी त्याआधीच समुद्रापार पोहोचली होती. भोगवर्धनच्या लोकांनी सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दानं दिली, आणि तिथल्या दगडांवर गावाचं नाव कोरलेलं आहे. सांचीच्या दानलेखांत बायांची नावं भरपूर आहेत. भिक्षुणी आहेत, घरसंसारी उपासिका आहेत. एका ओळीचे लेख असतात ते: अमक्या गावची अमकी, तिचं दान. सात-बाऱ्यावर नाव लावून घ्यायला आपल्याला किती वर्षं झगडावं लागलं ते तुम्ही जाणता, म्हणून सांगते.

पहिल्या दिवशी अन्व्यापर्यंतची चाल सपाटीची, कपाशीच्या आणि मिरचीच्या रानांतून. पण तीच सगळ्यात जड गेली. पाय सुजले. दोघींच्या चपला तुटल्या. शेतात दिवसभर वाकून काम करणारीलासुद्धा सलग पंचवीस किलोमीटर चालणं वेगळं पडतं. अन्व्याचं महादेवाचं देऊळ सुमारे बाराव्या शतकातलं, आणि आपल्याच जिल्ह्यातलं असून आमच्यातल्या नऊजणींनी कधी पाहिलेलं नव्हतं. कोरीव खांबांचा मंडप आहे. बाहेरच्या भिंतीवर शंख, चक्र, गदा घेतलेल्या स्त्रिया आहेत. अभ्यासक त्यांना विष्णूच्या शक्ती म्हणतात. एरवी विष्णू म्हटलं की लक्ष्मी पाय चेपताना डोळ्यांपुढे येते, आणि इथं बाई स्वतः गदा घेऊन ताठ उभी. आमच्या मावशी तिच्याकडे बघत बराच वेळ पाय चोळत बसल्या होत्या.

तिथंच एक अडचण आली. दोघींची पाळी सुरू झाली. देवळात जायचं की नाही? एक म्हणाली मी बाहेर बसते. कुणी तिला बळजबरी केली नाही, पण बोलणं मात्र झालं, आणि ते चांगलं झालं. याच भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचं ठाणं आहे. आमच्यातली एक त्या पंथातल्या घरची. ती म्हणाली, आमच्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात सांगून ठेवलंय की नाकाला शेंबूड येतो, डोळ्याला चिपडं येतं, तसंच हे. त्याचा विटाळ धरायचा नाही. शब्द तिचे, पण मुद्दा महानुभाव ग्रंथांत आहेच. बाहेर बसलेली ऐकत होती. आत आली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र लेण्यात सगळ्यांच्या आधी शिरली. पाळीची व्यवस्था हा मोठाच विषय आहे, त्यावर पुढे दोन शब्द सांगते.

दुसऱ्या मुक्कामाला अंभईच्या बाजूला होतो. तिथं जे झालं ते सांगावं की नाही याचा मी विचार केला. जिचं आहे तिनंच ‘सांगा, नाव नका घेऊ’ म्हटलं म्हणून सांगते. आमच्यातली तिशीची, दोन लेकरांची आई. नवऱ्याला खरं सांगून आली होती. त्यानं होकार दिला होता. पहिल्या रात्री त्याचे चार फोन आले. धाकट्याला ताप आहे. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, मग आईला बरं नाही. संध्याकाळी तो मोटारसायकलवर हजर, सोबत भाऊ. आरडाओरडा केला नाही. नमस्कार केला, आमच्या हातचा चहा घेतला. म्हणाला, ‘‘चाला म्हणता तर चालू द्या ताई, मी नाही कुठं म्हणतो? पण गावात लोक विचारायलेत, बायको कुठं गेली. मी काय सांगू?’’

आम्ही समजावलं. मावशींनी चार शब्द सुनावले. तो मान खाली घालून बसला, उठला मात्र नाही. तेव्हा ती स्वतः उठली आणि तिनं पिशवी भरली. मी तिला बाजूला घेतलं. म्हणाली, ‘‘आज भांडले तर पुढच्या टायमाला आमच्या गावातून एकबी बाई येणार नाही. तुम्ही जा. मला गड कसा आहे ते नीट सांगा.’’ आणि गेली.

त्या रात्री दहाजणींतल्या निम्म्या रडल्या, निम्म्या चिडल्या. सगळ्यांनी परत फिरावं असंही निघालं. खूप उशिरा ठरलं की जायचं. तिनं हिशेब करून माघार घेतली होती, तो तिचा निर्णय होता, आणि आपण परतलो तर तिच्या हिशेबाला काही अर्थ उरणार नव्हता. मारहाण झाली असती तर आपल्याला काय करायचं ते पाठ आहे. तक्रार, संरक्षण अधिकारी, २००५ चा कायदा. पण नमस्कार करून, चहा पिऊन, लोक काय म्हणतील एवढंच बोलणाऱ्या माणसापुढे आपल्याकडे कुठलं कलम आहे? तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर मला खरंच ऐकायचंय.

तिसऱ्या दिवसापासून डोंगर. जंजाळा गाव पठारावर आहे, त्यामुळे किल्ल्यात गावाकडून सपाटीनं शिरता येतं. तट, पडकी मशीद, कमानी, पाण्याची टाकी, आणि गवत इतकं की साड्यांच्या काठांना कुसळं भरून काठ जड झाले. तिथं आम्ही सर्वानुमते साड्यांचे कासोटे घातले. नऊवारीवाल्या मावशी तेवढ्या हसत होत्या. किल्ल्याच्या कड्यावरून खाली बघितलं की खानदेश दिसतो. ‘‘एवढं मोकळं मी कधी बघितलंच नव्हतं,’’ असं एकजण म्हणाली. तिची सारी जिंदगी शेतात, उघड्यावरच गेली आहे. मग मोकळं म्हणजे तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

घटोत्कच लेण्यासाठी गावाजवळून दरीत उतरावं लागतं. उतार घसरणीचा. तिथं खरी परीक्षा झाली. पदराला पदर बांधून, एकमेकींना धरून उतरलो. लेणं मोठं आहे, खांबांचा प्रशस्त विहार, आत बुद्धाची मूर्ती. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, त्याचा शिलालेख तिथं आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणंही त्याचंच दान. घटोत्कचच्या लेखात त्यानं आपल्या कुळाची वंशावळ दिली आहे, बापामागून मुलगा अशी. सांचीच्या त्या एका ओळीच्या बायांची आठवण मला तिथं आली.

आमच्यातली शिवणकाम करणारी बौद्ध आहे. वस्तीत वंदना घेते. तिनं तिथं बसून महाप्रजापती गौतमीची गोष्ट सांगितली. बुद्धाला वाढवणारी ही मावशी. स्त्रियांना संघात घ्या म्हणून तिनं विनंती केली, बुद्धांनी नकार दिला. तेव्हा तिनं केस कापले, भगवी वस्त्रं घातली, आणि शाक्य कुळातल्या पुष्कळ बाया घेऊन कपिलवस्तूहून वैशालीला चालत गेली. पोहोचली तेव्हा पाय सुजलेले, अंग धुळीनं माखलेलं, आणि दाराबाहेर रडत उभी. आनंदानं मध्यस्थी केली आणि भिक्षुणीसंघ झाला. अटी लादून झाला, तेही तिनं सांगितलं, लपवलं नाही. आम्ही सगळ्या आपापल्या सुजलेल्या पायांकडे बघत होतो. मोर्चे तर आपण पुष्कळ काढतो, पण इतका जुना, आणि ज्याच्यासमोर न्यायचा तो आपलाच वाढवलेला मुलगा, असा मोर्चा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

वेताळवाडीचा किल्ला दुसऱ्या दिवशी. हळदा घाटातून तट अगदी जवळ दिसतो, पण चढ छातीवर येतो. बुरूज भक्कम, दरवाजांवर शरभ कोरलेले, माथ्यावर बारादरीच्या कमानी. मावशींना दम लागला. दोघींना चक्कर आली. अंगात रक्त कमी असलेल्या बायांना डोंगर चढवणं हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निघण्याआधी आम्ही सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं होतं, अकरापैकी सातजणींचं कमी निघालं. दोन महिने लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे हे सगळं केलं होतं, तरी चक्कर आली. सोयगावकडे उतरताना गुराखी पोरं मागे लागली. ‘‘आज्ये, काय हारवलं का डोंगरात?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘हो रे बाबा, चाळीस वर्सं हारवली, गावली तर सांग.’’

सुरक्षिततेबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. पाच दिवसांत आम्हाला कुणी त्रास दिला नाही. तुम्हाला देणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. मुक्काम नेहमी गावात, अंगणवाडीच्या किंवा ओळखीच्या बचत गटातल्या बाईच्या घरी केला, उघड्यावर नाही. पण जिच्या घरी रात्री काय होतं ते आपल्याला माहीत आहे, तिला ‘बाहेर धोका आहे’ म्हणून सांगायला आपण कचरलं पाहिजे.

फर्दापूरहून अजिंठ्याला गेलो. लेणी तुम्ही सहलीला पाहिली असतील, वर्णन करत बसत नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती ‘शोधली’ असं शिकवतात. खालच्या गावांना ती ठाऊकच होती. मला दोन बायांबद्दल बोलायचंय. एक पारो. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिलची सोबतीण. १८५६ मध्ये ती वारली, आणि अजिंठा गावात तिच्या नावाचा दगड आहे. ना. धों. महानोरांनी त्यावर काव्य लिहिलं, पुढे सिनेमा आला. सगळीकडे ती त्याची प्रेयसी. तिला स्वतःला काय वाटलं याचा एक शब्द कुठं नाही.

दुसरी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. इंग्लंडमधली चित्रकार, बायांच्या मताधिकाराच्या चळवळीतली कार्यकर्ती. १९०९ ते १९११ च्या दरम्यान दोन हिवाळे फर्दापूरजवळ तंबू ठोकून, मचाणावर चढून तिनं इथल्या चित्रांच्या नकला केल्या. नंदलाल बोस, असितकुमार हलदार तिच्या मदतीला होते, हैदराबादचे चित्रकार होते, एक-दोन तरुण चित्रकार मुलीही होत्या. १९१५ मध्ये त्या नकला पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. तोवर तिचं मन बिघडलेलं होतं, आणि १९२९ मध्ये मरेपर्यंतची वर्षं मनोरुग्णांच्या संस्थांत गेली. घरचे म्हणतात तसं ‘डोंगरात गेली म्हणून वेडी झाली’ असा अर्थ कुणी काढू नये! मला एवढंच दिसतं की मत मागणाऱ्या बाईला चित्रं बघायलाही वेळ होता. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी गेल्या पाच वर्षांत स्वतःसाठी काही बघितलं?

सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेला मोठा बुद्ध, आणि पुढ्यात यशोधरा आणि राहुल. त्या चित्रासमोर आमची ती शिवणकाम करणारी हात जोडून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘हिलाबी जावंसं वाटलं असंल का एखाद्या रात्री?’’ कुणी बोललं नाही. आम्हाला सगळ्यांनाच अंभईहून परत गेलेली आठवत होती.

तिला मी गड कसा होता ते सांगून आले. तिच्या ओसरीवर तीन तास बसले, दारात नवरा होता, तोही ऐकत होता. त्यानं दोन प्रश्न विचारले, टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे का, आणि चढायला किती वेळ लागतो. यात आशा वाटून घ्यावी की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

आता कामाचं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा निघायचं आहे, आणि यंदा दोन तुकड्या कराव्यात असं मत पडलं आहे. ज्यांना पाच दिवस जमत नाहीत त्यांच्यासाठी अंबड तालुक्यातल्या रोहिलागडाचा एक दिवसाचा कार्यक्रम आधी करू. गटांनी नावं देताना तीन गोष्टी बघा. एक, रक्त आधी तपासा, दोन महिने तरी आधी. दोन, चपला नकोत, कॅनव्हासचे बूट हवेत; ते विकत घेणं अवघड असेल तर गटाच्या बचतीतून उसने पैसे द्या, बूट परत आल्यावर दुसरीला वापरता येतात. तीन, सुती कापडाच्या घड्या आणि वापरलेल्या कापडासाठी वेगळी पिशवी प्रत्येकीच्या पाठीवर असू द्या, पाळीची तारीख असो वा नसो. धुवायला पाणी कुठं मिळेल ते आधी विचारून ठेवा.

आणि मागं राहणाऱ्या लेकरांचं कोण बघणार, हे गटानं बैठकीत ठरवायचं आहे, जाणारीनं एकटीनं नाही. गेल्या खेपेला ते आम्ही जिच्यातिच्यावर सोडलं होतं, यंदा तसं चालणार नाही. नावं संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत द्या, म्हणजे फेब्रुवारीत ऊन वाढायच्या आत निघता येईल.